तिशीनंतर बालवाडीत शिकवायचंय, मुंबईत सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा: वय 33, बी.कॉम., राहायला मुलुंडला, अकाउंट्सची नोकरी सोडलेली, लहान मुलं आवडतात. तर बालवाडी शिक्षिका व्हायला कोणता कोर्स करावा आणि पगार किती मिळतो?

कोर्सचं सांगते, पण फी भरण्याआधी एक करा. घराजवळच्या बालवाडीच्या मुख्याध्यापिकांना भेटा आणि आठवडाभर वर्गात फुकट मदतीला येऊ का, असं विचारा. जूनमध्ये जमलं तर फारच छान. तेव्हा एक मूल दाराला धरून रडत असतं, त्याचं बघून दुसरं सूर लावतं, तिसऱ्याने चड्डीत शू केलेली असते, कोपऱ्यात ओल्या रेनकोटांचा ढीग आणि खिडकीतून डोकावणाऱ्या आया. ‘मला मुलं आवडतात’ हे मी मुलाखती घेताना कायम ऐकते. आवडतात ती बहुधा आपली भाचरं, झोप झालेली आणि पावडर लावलेली. वीस मुलांत तीन तास काढून घसा बसला, तरी उद्या परत यावंसं वाटतं का, ते तिथेच कळेल. नाही वाटलं, तर कोर्सचे पैसे वाचले.

आता कोर्स. डी.एड., बी.एड. पहिलीपासूनच्या पुढच्या वर्गांसाठी असतात. बालवाडीसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका. बारावीनंतर करता येणारा इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा आहे, तो घर सांभाळून होतो. खोलात शिरायचं असेल, तर एसएनडीटी किंवा निर्मला निकेतनमध्ये मानवविकास हा विषय शिकवतात. माँटेसरीचं पूर्ण प्रशिक्षण उत्तम, पण महाग आणि वेळखाऊ. शिवाय गल्लोगल्ली एनटीटीचे, म्हणजे नर्सरी टीचर ट्रेनिंगचे क्लास आहेत. काही खरंच चांगले, काही नुसते सर्टिफिकेट छापणारे. ओळखायचं कसं? प्रत्यक्ष वर्गावर किती आठवडे पाठवता आणि तिथे आमचं शिकवणं कोण बघतं, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, की उठा.

कामाच्या जागाही एकसारख्या नाहीत. अंगणवाडी ही सरकारची, 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतली. सेविकेसाठी बारावी आणि त्या भागातलं रहिवासी असणं लागतं. मिळतं ते मानधन, आणि शिकवण्याबरोबर पोषण आहार, वजन-उंची, नोंदी हे सगळं तिच्याच गळ्यात. संस्थांच्या बालवाड्या वस्त्यांमधून चालतात. ‘प्रथम’ या संस्थेने नव्वदच्या दशकात मुंबईत सुरुवात केली ती अशाच कामातून. तिथे पैसा कमी, पण नवखीला हाताला धरून शिकवतात. मराठी शाळांचे शिशुवर्ग, इंग्रजी शाळांचे केजी आणि खाजगी प्लेग्रुप हे आणखी वेगळे. इंग्रजी मोडकंतोडकं असेल तर घाबरू नका. रडणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला घरच्या भाषेत जवळ घेणारी बाई इंग्रजी शाळेलाही हवी असते. तरी ‘केजीला इंग्रजीच बोला’ असं बजावणाऱ्या शाळा आहेतच, तेवढं धरून चाला.

माझं ठाम मत विचाराल, तर जागा निवडताना इमारत बघू नका, नर्सरीतल्या मुलांच्या वह्या बघा. पानामागून पान ‘अ’ गिरवलेले असतील, तर तिथे तुम्ही शिक्षिका होणार नाही, वह्या तपासणाऱ्या व्हाल. तीन वर्षांच्या मुलाची बोटं आणि मनगट अजून तयार होत असतात. कणीक मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, वाळूत बोट फिरवणं, हीच त्या वयाची लिखाणाची तयारी. बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन हेच केलं, तेही महागडं साहित्य नसताना. तुमच्या मुलुंडमध्येही झाडाखाली पडलेल्या बिया फुकटच मिळतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वयाचा एकच पायाभूत टप्पा केलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे. पण पालकांना वही लागते. ‘शेजारचा एबीसीडी लिहितो, आमचा का नाही?’ हा प्रश्न तुम्हाला दर शनिवारी येणार. त्याला न चिडता उत्तर देणं हा नोकरीचा अर्धा भाग आहे, आणि तो कुठल्याच कोर्समध्ये धड शिकवत नाहीत.

मुलांचा आकडाही विचारा. तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस, हा आपल्याकडचा राष्ट्रीय निकष. एका बाईकडे पस्तीस मुलं आणि मदतीला मावशीही नाही, असं असेल तर त्या शाळेचं नाव कितीही मोठं असो, पहिलं वर्ष तिथे काढू नका.

पगाराचा एक आकडा सांगणं खोटं ठरेल, इतका फरक आहे. लहान बालवाडीत पहिल्या वर्षी रिक्षा-लोकलचे पैसे वजा जाता फारसं उरत नाही, म्हणून पहिली जागा चालत जाण्याच्या अंतरावर शोधा. अकाउंट्सचा पगार डोक्यात ठेवून येऊ नका. वयाची काळजी मात्र सोडा. तिशीतल्या बाईवर पालक लवकर विश्वास टाकतात. जागा भरतात साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. मुलाखतीला बहुतेक वेळा गोष्ट सांगून दाखवायला लावतात, तेव्हा एक छोटी गोष्ट आणि दोन बडबडगीतं हातवाऱ्यांसकट पाठ असू द्या. आणि सही करण्याआधी मे महिन्याचा पगार देणार का, हे स्पष्ट विचारून पत्रात लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी दहाच महिने देतात, आणि ते कळतं एप्रिलच्या शेवटी.