पैशाच्या गोष्टी: मुद्दल सुटलं की बाहेर पडू का?

या महिन्यातली बरीच पत्रं पेटीएम या एकाच कंपनीवर आहेत, त्यामुळे एफडी आणि पोस्टाच्या योजनांचे प्रश्न पुढच्या अंकात. नेहमीचं एकदा सांगून ठेवते: मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी असलेली सल्लागार नाही. राजवाडा चौकाजवळ बसून लोकांचे हिशेब आणि रिटर्न करणारी बाई आहे. 'घ्या' किंवा 'विका' हे माझ्याकडून येणार नाही.

प्रश्न: गणपती पेठेत आमचं हळद-मसाल्याचं दुकान आहे. नोव्हेंबर 2021मध्ये पेटीएमचा आयपीओ (लोकांना पहिली शेअरविक्री) आला, तेव्हा 2150 रुपयांनी माझ्या नावावर 6 आणि मंडळींच्या नावावर 6 शेअर लागले. पहिल्याच दिवशी आपटले. पुढं फेब्रुवारीत भाव उतरलेला बघून माझ्या खात्यात 850च्या आसपास आणखी 18 घेतले. आता सरासरी 1370 पडते. मुद्दल सुटलं की मी मोकळा होणार. दुकानावर बसणारे मित्र म्हणतात, कंपनी नफ्यात आली, धरून ठेव, 2150 परत बघशील. कोणाचं ऐकू?
— एक दुकानदार, सांगली

उत्तर: दादा, आधी सरासरी तपासली. 30 शेअर, 41,100 रुपये, भागिले तीस, 1370. बरोबर आहे, पण हा आकडा फक्त तुमच्या वहीत आहे. डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायची खाती, दोन आहेत. तुमच्या खात्यात 24 शेअर 28,200 रुपयांचे, म्हणजे सरासरी 1175. वहिनींच्या खात्यात 6 शेअर, सगळे 2150चे. भाव 1370 झाला की घरात मुद्दल सुटलं असं तुम्ही म्हणाल, पण कागदावर तुम्हाला नफा आणि वहिनींना तोटा दिसेल. तुमच्या खात्यातही आयकर सरासरी धरत नाही. जे आधी घेतले ते आधी विकले असं मानतात. त्यामुळे पहिले सहा विकाल तेव्हा हिशेब 2150शी होणार.

वहिनींच्या अर्जाचे पैसे तुम्हीच त्यांच्या खात्यात टाकले होते का, तेही आठवून ठेवा. तसं असेल तर त्या सहा शेअरचा नफा-तोटा तुमच्याच उत्पन्नात धरला जाऊ शकतो. पैसे त्यांचे स्वतःचे असतील तर तोटा त्यांचा. दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीत भरलेलं लागतं. "बायकोचं उत्पन्नच नाही, रिटर्न कशाला?" हे वाक्य माझ्या टेबलासमोर दर जुलैत ऐकू येतं. तोटा पुढे न्यायचा असेल तर तेव्हा भरायचं असतं!

आता धरायचे की सोडायचे. तुम्ही कितीला घेतले हे कंपनीला माहीत नाही आणि बाजारालाही नाही. आज ते पैसे रोख हातात असते तर आजच्या भावाला हाच शेअर घेतला असता का, एवढं स्वतःला विचारा. घेतला असता, तर मुद्दल सुटायची वाट कशाला, धरा. नसता घेतला, तर 1370 येईपर्यंत कोणासाठी थांबलात? आणि मित्रांच्या 2150ला तर काहीच आधार नाही. तो आयपीओचा भाव होता. 18,300 कोटींचा इश्यू, पहिल्या दिवशी बीएसईवर 1564ला बंद. बाजाराला जो भाव एक दिवससुद्धा मान्य झाला नाही, तो 'परत' कुठून येणार? यायचा तर नव्यानं, नव्या कमाईवर येईल.

त्या कमाईचं बघू. मित्र म्हणतात ते खोटं नाही. एप्रिल ते जून 2025 या तिमाहीत कंपनीला 122 कोटींचा नफा झाला. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत 840 कोटींच्या घरात तोटा होता, तेव्हा सुधारणा मोठी आहे. पण निकालाच्या कागदावर 'इतर उत्पन्न' नावाची ओळ असते, ती कोणी वाचत नाही. त्या तिमाहीत ती 240 कोटींच्या आसपास होती, म्हणजे नफ्यापेक्षा मोठी. कंपनीकडे तेव्हा जवळपास 12,800 कोटींची रोकड होती. तिच्यावरचं व्याज वगैरे या ओळीत येतं. त्याच्या आधीही एकदा, जुलै ते सप्टेंबर 2024मध्ये, 930 कोटींचा नफा दिसला होता. तो सिनेमा आणि कार्यक्रमांच्या तिकिटांचा व्यवसाय झोमॅटोला 2048 कोटींना विकल्यामुळे. घरातला एक प्लॉट विकला त्या वर्षी दुकान चांगलं चाललं, असं आपण म्हणत नाही. पुढचे निकाल आले की ही ओळ वजा करून धंद्यात काय उरतं ते बघा. ते दर तिमाहीला वाढत असेल तर मित्रांचं ऐकण्यात अर्थ आहे.

प्रश्न: मी तासगावला शिक्षिका आहे. भाजीवाल्या मावशीपासून बेदाण्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड आणि पैसे आले की बोलणारा तो डबा. इतके व्यवहार होतात, मग अशा कंपन्या खोऱ्यानं पैसा ओढत असणार ना? मुलीच्या शिक्षणाचे पैसे इंडेक्स फंडात आहेत, शिवाय दर महिन्याला थोडे थोडे शेअर घ्यावेत असं मनात आहे.
— तासगाव

उत्तर: ताई, गोम तिथंच आहे. 1 जानेवारी 2020पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायला बंदी आहे. ऑगस्ट 2025मध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे 2000 कोटींवर व्यवहार झाले. मावशीला तुम्ही दिलेल्या चाळीस रुपयांवर मधल्या कोणालाच मावशीकडून पैसा मिळत नाही. सरकार प्रोत्साहन म्हणून काही देतं. 2024-25साठी सुमारे 1500 कोटी ठेवले होते, तेही छोट्या दुकानदारांच्या 2000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर 0.15 टक्के या दरानं, आणि ते बँका आणि अशा सगळ्या कंपन्यांत वाटायचे.

मग पोट कशावर? त्या बोलणाऱ्या डब्याच्या महिन्याच्या भाड्यावर. पेटीएमकडे जून 2025अखेर भाडं देणारे सुमारे 1 कोटी 30 लाख दुकानदार होते. वेबसाइटवरच्या कार्डाच्या पेमेंटवर. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावर. आणि दुकानदाराच्या रोजच्या जमेवरून अंदाज घेऊन त्याला बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं कर्ज मिळवून देण्यावर, म्हणजे दलालीवर. आपल्या मार्केट यार्डात उद्या अडत शून्य केली आणि अडत्याला शेतकऱ्याच्या उचलीवरच जगायला सांगितलं, तर त्याची जी गत होईल, तीच इथं. मग अडत्याकडे किती पोती उतरली हे मोजून उपयोग नाही, उचल किती दिली आणि किती परत आली ते विचारायचं.

या धंद्याची दोरीही दुसऱ्यांच्या हातात आहे. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2023मध्ये विनातारण कर्जांचे नियम आवळले. डिसेंबरात पेटीएमनं छोटी कर्जं कमी करणार म्हटल्याबरोबर एका दिवसात शेअर वीसेक टक्के कोसळला. 31 जानेवारी 2024ला रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले. बँक वेगळी, तिच्यात कंपनीचे 49 टक्के, तरी शेअर लागोपाठ दोन दिवस वीस-वीस टक्क्यांच्या लोअर सर्किटला, म्हणजे एका दिवसात घसरायच्या मर्यादेला. विकायला रांग, घ्यायला कोणी नाही. मे महिन्यात तो 310पर्यंत गेला. पुढं 2025च्या उत्तरार्धात हजाराच्या वर. जून 2025मध्ये यूपीआयवर शुल्क येणार अशी कुजबुज झाली, अर्थ मंत्रालयानं ती फेटाळली, दुसऱ्या दिवशी शेअर दहा टक्क्यांपर्यंत घसरला. बघा, व्यवहार त्या दिवशीही तेवढेच होत होते.

आणखी एक. भिंतीवर ज्या कंपनीचा स्टिकर, तिचंच ॲप ग्राहकाच्या मोबाइलवर असतं असं नाही. फोनपे आणि गुगल पे मिळून यूपीआयचे पाचात चार व्यवहार करतात, पेटीएमचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास. एका ॲपला तीस टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नियम आहे, पण त्याची मुदत डिसेंबर 2026पर्यंत ढकललेली आहे. तो खरंच लागू झाला तर लहानांचा फायदा होईल, म्हणून काही जण आजच भाव लावून बसलेत. मला त्या मुदतीवर फार भरवसा नाही, आधीही ढकललीच आहे.

दर महिन्याला थोडे घेण्याचं तुमचं बरोबर, पण त्यासाठी एकच कंपनी कशाला? मुलीच्या शिक्षणाचे पैसे इंडेक्स फंडात राहू दे, तिथं ते बऱ्याच कंपन्यांत विभागलेले असतात. गेले तरी पगारात घर चालेल एवढेच या एका शेअरात. किती, हे तुमच्या पगाराच्या स्लिपवर ठरेल.

प्रश्न: टेलिग्रामवरच्या एका ग्रुपनं सांगितलंय, एका मोठ्या पेमेंट कंपनीचा आयपीओ येतोय, आधी पैसे भरले तर हमखास शेअर मिळवून देतो. ॲपमध्ये माझे 50,000चे 74,000 दिसतात. काढायला गेलो तर कर भरा म्हणतात.
— मिरज

उत्तर: आयपीओचे पैसे कोणा माणसाच्या खात्यावर जात नाहीत. ते तुमच्याच बँक खात्यात अडकून राहतात आणि शेअर लागले तरच वजा होतात. शेअरवरचा करही ॲपवाल्याला द्यायचा नसतो, तो रिटर्नमध्ये भरायचा असतो. ते 74,000 फक्त पडद्यावर आहेत. एक रुपयाही आणखी पाठवू नका. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, मग स्क्रीनशॉट आणि पासबुक घेऊन पोलिस ठाण्यात जा. हा अंक हातात पडायच्या आत उत्तर मिळावं म्हणून तुम्हाला फोनवरही कळवलंय, केलंत का?