अकरा घरांचे मान

सेंट पॉल,
१२ जुलै २०२५

प्रिय चिऊ,

तुझं पोस्टकार्ड काल आलं. कॅम्पमध्ये फोन नाही म्हणून का होईना, तुझ्या हातचं मराठी वाचायला मिळालं. ‘जत्रा’मधला ‘त्र’ दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर काढला आहेस, तो मी आईला मुद्दाम दाखवला.

तू लिहितेस की कॅबिनमधल्या मुलींना तू आपल्या गल्लीत २०२० साली भरलेल्या जत्रेबद्दल सांगितलंस. तेव्हा एकीने विचारलं, ती तर आपल्या मिनेसोटाच्या वार्षिक मेळ्यासारखी, स्टेट फेअरसारखीच होती, मग तुझे बाबा तिला जत्रा का म्हणतात? जत्रेला देव लागतो ना? आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघरी नारळ का दिला? तुला काही सांगता आलं नाही म्हणून तू खट्टू झालीस. अगं, तू तेव्हा सात वर्षांची होतीस. तुला कुठून माहीत असणार? सांगतो.

आपलं घर फेअरच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दर ऑगस्टच्या अखेरीला स्नेलिंग ॲव्हेन्यू गाड्यांनी तुंबतो, शेजारीपाजारी आपापल्या अंगणात पार्किंगची पाटी लावतात आणि रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फटाके ऐकू येतात. २०१९ मध्ये बारा दिवसांत एकवीस लाखांवर माणसं येऊन गेली होती. २२ मे २०२० ला जाहीर झालं की कोरोनामुळे यंदा फेअर नाही. त्यानंतर तीनच दिवसांनी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. पुढच्या रात्री तुला आठवत नसतील, आणि नाही आठवत तेच बरं. युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवरची दुकानं जळत होती, संचारबंदी होती, हवेला धुराचा वास होता. आम्ही सगळे पाण्याच्या नळ्या जोडून आपापल्या पोर्चवर जागे बसायचो. त्या घरात राहायला येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती आणि शेजाऱ्यांची नावं मला त्या रात्रींत कळली. रस्त्याच्या या बाजूने त्या बाजूला मोठ्याने बोलावं लागायचं, मास्कमुळे अजूनच मोठ्याने.

त्यातच कोपऱ्यावरच्या लोणच्याच्या आजींनी १९४६ ची गोष्ट सांगितली. पोलिओची साथ होती म्हणून त्या वर्षीही फेअर झाली नव्हती. त्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. आईने उन्हाळाभर अंगणाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, आणि फेअर नाही हे कळल्यावर त्या खूप रडल्या. ऐंशीच्या बाई ते सांगताना पुन्हा सहा वर्षांच्या झाल्या होत्या. मी घरात आलो तर तू जिन्यावर बसून रडत होतीस. आपण गावच्या जत्रेला जाणार होतो आणि विमानच नव्हतं, म्हणून.

गावच्या भैरवनाथाची जत्रा चैत्रात असते हे तुला ठाऊक आहे. त्या वर्षी ती भरलीच नाही. आजोबांनी फोनवर सांगितलं की गुरवांनी पूजा केली, दोघा मानकऱ्यांनी पालखी देवळातल्या देवळात पाच पावलं फिरवली आणि झालं. ‘पाच पावलं का होईना, मोडली नाही,’ असं ते म्हणाले. मग ३० जूनला आम्ही इथे फोनवर पाहिलं, पंढरपूरला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने निघाल्या होत्या. लाखो माणसांची पायी वारी, ती त्या वर्षी मोजक्या वारकऱ्यांनिशी बसमध्ये बसली, पण एकादशीच्या आत पोचली. आई पदर डोळ्यांना लावून पाहत होती. तेव्हा माझ्या मनात आलं, आपणही पाच पावलं चालू.

आता तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न. देव होता. आपण जत्रा धरली २९ ऑगस्टच्या शनिवारी, आणि चतुर्थी होती २२ ला, म्हणजे आपल्या घरी गणपती बसलेले होते. महाराष्ट्रात त्या वर्षी घरची मूर्ती दोन फूट आणि मंडळाची चार फूट अशी मर्यादा होती. लालबागच्या राजाच्या मंडळाने तर मूर्तीच बसवली नाही, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. आपली मूर्ती तू आणि आईने मातीची केली होती, जेमतेम वीतभर, एक कान जरा मोठा. घरात कुणाला बोलावता येत नव्हतं, म्हणून मी मखर रस्त्याकडच्या खिडकीत बाहेर तोंड करून मांडलं. गावी गर्दीत गाभाऱ्यापर्यंत पोचता आलं नाही तर लोक मुखदर्शन घेतात, तेही नाही जमलं तर लांबून कळसाला हात जोडतात. इथे सगळ्यांनी फुटपाथवरून दर्शन घेतलं. काहींनी हात जोडले, काहींनी हात हलवला. दोन्ही चाललं.

पण देव होता एवढ्यावरून मी तिला जत्रा म्हणत नाही. पाळणे, जिलबी, पिपाण्या हे तू गावी दोनदा पाहिलं आहेस, तेव्हा जत्रा म्हणजे तेच असं वाटणं साहजिक आहे. दुकानवाले मात्र शेवटी येतात. त्याच्या महिनाभर आधी गावकीची बैठक होते, घरटी वर्गणी ठरते, आणि प्रत्येक घराचा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. पालखीला पहिला खांदा कुणाचा, छबिन्यापुढे दिवटी कुणी धरायची, पायघड्या कुणी अंथरायच्या, फुलं कुणाची, दिव्याला तेल कुणाचं. आपल्या घराचा मान अगदी लहान आहे. कुस्त्यांच्या सकाळी आखाड्याची माती उकरून मऊ करायची आणि तिथे पहिला नारळ फोडायचा. मग त्या मातीत आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. मीही तिथे रेवड्यांसाठी आपटी खाल्ली आहे.

मान म्हणजे ‘ऑनर’ असं मी तुला एकदा सांगितलं होतं. ते अर्धंच झालं. मान म्हणजे काम. आपल्या घराने माती उकरली नाही तर दुसरं कुणी फावड्याला हात लावत नाही, कुस्त्या अडून राहतात. म्हणून आजोबा त्या दिवशी आजारी पडत नाहीत.

आणि हेही तुला आत्ताच कळलेलं बरं, की हे मान जन्मावर आणि जातीवर वाटलेले होते. ज्यांच्या हलगीशिवाय पालखी हलायची नाही, त्यांनाच माझ्या पणजोबांच्या काळात देवळाच्या पायरीवर येऊ देत नसत. असं वागणं चूक होतं, आणि ज्यांच्यावर ते गुदरलं त्यांची नातवंडं ते विसरलेली नाहीत. गावचं सगळं चांगलं म्हणून ते जसंच्या तसं उचलून आणायचं नाही, हे मी ठरवूनच होतो. म्हणून आपल्या गल्लीत मी मान वाटले नाहीत. आपलं धरून अकरा घरं, बाकीच्या दहा घरांच्या दारात चिठ्ठी ठेवली. तुमचं घर काय करील, तुम्हीच सांगा.

उत्तरं आली ती अशी की मी ती चिठ्ठ्यांची पिशवी अजून जपून ठेवली आहे. निवृत्त बसचालक काकांनी लिहिलं, मला रस्ता द्या. त्यांनी आदल्या संध्याकाळी खडूने सहा-सहा फुटांवर गोल आखले (त्या उन्हाळ्यात आपल्याकडे किराणा दुकानांपुढे चुन्याने आखायचे तसेच), प्रत्येक अंगणाला थांब्याचं नाव दिलं, आणि दिवसभर भोंग्यातून पुकारत राहिले, ‘पुढचा थांबा लोणचं! उतरणाऱ्यांनी आधी उतरा!’ एका थांब्यावर एकच कुटुंब. समोरच्या हमोंग (मूळच्या आग्नेय आशियातल्या समाजाच्या) कुटुंबाने एगरोल काडीला लावले, कारण इथल्या फेअरला जे मिळतं ते काडीवरच मिळायला हवं. त्यांच्या आजोबांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, त्यांनी सगळ्या अंगणांतल्या काकड्या-टोमॅटो पाहून नंबर काढायचं काम घेतलं आणि ते इतक्या गंभीरपणे केलं की दुसऱ्या नंबरवाले आजही कुरकुरतात. तुम्ही मुलांनी धान्याची चित्रं केलीत, फेअरमध्ये बिया चिकटवून करतात तशी. तुझा मोर मसूर, मूग आणि मोहरीचा होता. आई म्हणाली, ही तर रांगोळीच, फक्त पुसली जाणार नाही. तिने स्वतः साबुदाणा वडे काडीला लावले. बटाटेवडे करायचे ठरलं होतं, पण कालनिर्णय पाहिलं तर एकादशी.

आणि लोणी! फेअरमध्ये नव्वद पाउंडांच्या लोण्याच्या ठोकळ्यातून दुग्धराणीच्या स्पर्धेतल्या मुलींचे चेहरे कोरतात. काचेच्या थंडगार खोलीत, मुलगी कोट घालून समोर बसलेली असते. पिवळ्या घरातल्या ताईंनी आठ पाउंड लोणी एकत्र थापून आपल्या मांजराचं डोकं कोरलं. सकाळी दहाला त्याला मिशा होत्या. बाराला कान खाली आले. एकच्या सुमाराला ताईंचा चेहरा बघवेना, तेव्हा आईने घरातून मोठं पातेलं आणलं आणि खुणेने विचारलं, देता का? त्या लोण्याच्या मांजराचं दुपारी तूप झालं. मंद आचेवर कढत असताना वास खिडकीतून रस्त्यावर गेला आणि खडूच्या गोलात उभी असलेली माणसं वळून वळून पाहायला लागली. जवळजवळ तीन किलो तूप निघालं. अकरा बाटल्या भरल्या. तळाची बेरी साखर घालून तुम्हा मुलांना, आपापल्या वाटीत.

एक चिठ्ठी मात्र सगळ्यांत उशिरा आली. पलीकडच्या नर्सबाईंची. त्या कोविडच्या वॉर्डात काम करत होत्या, घरी आल्या की तळघरात एकट्या झोपायच्या, पोरांना काचेतून बघायच्या. त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्यात काही करायचं त्राण नाही. मी नुसती बसले तर चालेल का?’ ती चिठ्ठी मी आईला वाचून दाखवली. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, देवाला आधी नैवेद्य दाखवतो ना, तसं करू. म्हणून त्या दिवशी प्रत्येक थांब्यावरचं पहिलं ताट त्यांच्या पायरीवर गेलं. पहिला एगरोल, पहिला वडा, पहिली काकडी. ठेवणारा मागे सरायचा, मग त्या उठून घ्यायच्या. अकरा घरांत तो त्यांचा मान. त्या मास्क खाली करून सावकाश खात होत्या आणि त्यांची मुलं रस्त्यापलीकडून टाळ्या वाजवत होती. त्या दिवसाचं मला सगळ्यांत जास्त हेच आठवतं.

आता नारळ. जत्रा पार पडली की मानकऱ्यांना नारळ देतात, सोबत फेटा किंवा टॉवेल-टोपी. तुमच्या घराचं काम झालं, देवाला पोचलं, पुढच्या वर्षी पुन्हा या, एवढं सगळं त्या एका नारळात असतं. मी अकरा आणले. एक खिडकीतल्या गणपतीपुढे फोडला, दहा रविवारी सकाळी दारोदार ठेवले. इथल्या दुकानात नारळाची शेंडी काढलेली असते आणि बिनशेंडीचा नारळ मानाला देणं आईला पटेना, म्हणून ती आदल्या रात्री बसून सुतळी उकलत होती. दहाही नारळांना तिने सुतळीची शेंडी बांधली. तू शेजारी बसून त्यांना वेण्या घातल्यास, ते तरी आठवतं का?

बसचालक काकांनी तो पायरीवर हातोडीने फोडायला घेतला. समोरचे हमोंग आजोबा ते पाहून न राहवून उठले, कोयत्याच्या पाठीने मधोमध एकच घाव घातला, फिरवून दुसरा, आणि दोन स्वच्छ वाट्या काकांपुढे खाली ठेवून मागे सरले. मी माझ्या अंगणातून जोरात टाळ्या वाजवल्या.

त्याच सकाळी लोणच्याच्या आजी आल्या. त्यांच्या शेपूच्या पाल्यातल्या काकडीच्या लोणच्याला फेअरमध्ये अनेकदा पहिल्या नंबरची निळी रिबन मिळालेली. त्यांनी निळ्या फितीच्या अकरा रिबनी शिवल्या होत्या, प्रत्येकीवर घराचा नंबर. मी नारळ घेऊन निघालो आणि त्या रिबनी घेऊन, आणि आम्ही रस्त्याच्या मधोमध सहा फुटांवर समोरासमोर आलो. मी त्यांना नारळाचा अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, मग आपण दोघं एकच काम करतोय.

२०२१ ला फेअर पुन्हा सुरू झाली, तरी आपली गल्ली एक शनिवार राखून ठेवते हे तू बघतेच आहेस. लोणच्याच्या आजी २०२३ च्या हिवाळ्यात गेल्या. गेल्या वर्षी रिबनी कुणीच शिवल्या नाहीत. ते काम त्यांच्या घराचं होतं, त्याला हात कुणी लावायचा हे कुणालाच सुचेना. मागच्या आठवड्यात त्यांची मुलगी घर आवरायला आली होती. तिने त्यांचा शिवणाचा डबा आपल्या दारात ठेवला, वर चिठ्ठी, ‘मोर करणाऱ्या मुलीसाठी.’

डबा तुझ्या टेबलावर आहे, मी उघडलेला नाही. आईने मात्र झाकण किलकिलं करून पाहिलं. निळी फीत आहे, साधारण तीन वार. अकरांना पुरेल असं ती म्हणते. काजाच्या टाक्यासाठी आपल्या आजीला फोन लाव, तो तिच्याइतका आईलाही येत नाही.

मच्छरांचं मलम लाव. येताना ओले कपडे वेगळ्या पिशवीत भर.

तुझा,
बाबा