सर्व्हरचा पत्ता नेमका पक्का कुठे करायचा?

हिंजवडी असो की खराडी, प्रश्न तेच येतात. म्हणून आज एवढाच विषय: क्लाउडवरच्या सर्व्हरचा आयपी पत्ता.

युझर-डेटात (सर्व्हरला बूटवेळी द्यायच्या सूचनांच्या फाइलीत) नेटवर्कची माहिती लिहिली, पण क्लाउड-इनिट (बूट होताना सर्व्हरची मांडणी करणारा प्रोग्राम) तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.
बघणारच नाही. व्हर्च्युअल मशीनसाठी सीड डिस्क (क्लाउड-इनिटला सेटिंग पुरवणारी छोटी डिस्क) बनवत असाल, तर नेटवर्क-कॉन्फिग ही वेगळी फाइल लागते.

यामलमध्ये (या सेटिंग फाइली ज्या पद्धतीने लिहितात, तीत) ओळ आत सरकवायला टॅब चालतो का?
नाही.

अ‍ॅझ्युअरवरच्या उबंटूत नेटप्लॅनची (उबंटूत नेटवर्कची सेटिंग सांभाळणाऱ्या साधनाची) ‘५०-क्लाउड-इनिट’ फाइल हाताने बदलून आयपी पक्का केला. मित्र म्हणतो, उडेल. खरं का?
खरं आहे. ती फाइल तुमची नाहीच, क्लाउड-इनिटची आहे. काही ठिकाणी ती पहिल्या बूटलाच लिहिली जाते, म्हणून रीबूट करून ‘टिकलं बुवा’ म्हणत लोक निर्धास्त होतात. मग त्याच सर्व्हरच्या इमेजवरून (हुबेहूब प्रतीवरून) दुसरा उभा करतात, इन्स्टन्स आयडी (सर्व्हरची ओळख) बदलतो आणि फाइल नव्याने लिहिली जाते. अ‍ॅझ्युअरवर तर दर बूटला लिहिली जाऊ शकते. यावर व्हिडिओवाले सांगतात, क्लाउड-इनिटचं नेटवर्कच बंद करा. केलंत, तर इमेजसोबत जुना पत्ताही नव्या सर्व्हरवर जातो. सर्व्हर चालू दिसतो, एसएसएच (दुरून लॉगिन) मात्र लागत नाही.

सोसायटीच्या रजिस्टरात फ्लॅट ३०२ आणि दारावर पाटी ५०४, तर कुरिअरवाला कुठे जाईल? म्हणून पत्ता क्लाउडच्या पोर्टलमध्ये, नेटवर्क कार्डावर ‘स्टॅटिक’ करा. सर्व्हरच्या आत डीएचसीपीच (आपोआप पत्ता मिळण्याची सोय) राहू द्या, तो तोच पत्ता देत राहील. अ‍ॅझ्युअरचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग पुण्यातच आहे म्हणून इथे नियम वेगळे नाहीत. एका कार्डावर अनेक पत्ते हवे असतील तर गोष्ट निराळी. तेव्हा आधी नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारा.

एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) सर्व्हर थांबवून सुरू केला की पब्लिक आयपी बदलतो. एकजण ‘स्टॅटिक आयपी पॅकेज’ विकतोय. घेऊ?
त्याला आधी विचारा, इलॅस्टिक आयपीपेक्षा (एडब्ल्यूएसच्याच पक्क्या पब्लिक पत्त्यापेक्षा) वेगळं काय देतोस? फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावते, वापरा वा नुसता अडकवून ठेवा. वरचे पैसे कशाचे, ते लेखी घ्या. खाजगी पत्ता थांबवल्यावरही तोच राहतो.

नेटप्लॅनमध्ये ‘गेटवे४’ लिहिलं की इशारा येतो.
ते कालबाह्य झालंय. ‘रूट्स’खाली डिफॉल्ट मार्ग द्या.

चालू सर्व्हरवर बदल लगेच लागू करू का?
‘नेटप्लॅन अप्लाय’ नको, ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा; १२० सेकंदांत होकार दिला नाहीत तर जुनी सेटिंग परत येते. त्याआधी सिरियल कन्सोलवर (नेटवर्क तुटलं तरी सर्व्हरवर जायची वाट) लॉगिन होतं का ते बघा. होत नसेल, तर अ‍ॅडमिनशी बोलल्याशिवाय हात लावू नका.