आजीची कँटोनीज की शनिवारची मँडरिन?

पत्र : मावशी, मी व्हँकूव्हरजवळ रिचमंडला राहते. सासरची मंडळी हाँगकाँगची, १९९७ मध्ये ते चीनकडे गेलं त्याच्या आधी इकडे आलेली. मुलगा पाच वर्षांचा. मी त्याच्याशी मराठी बोलते, सासूबाई कँटोनीज, नवरा इंग्रजी. सासूबाई कँटोनीजमध्ये काही विचारतात तेव्हाही नवरा उत्तर इंग्रजीतच देतो. आता त्याने मुलाला शनिवारच्या मँडरिनच्या, म्हणजे चीनच्या राजभाषेच्या, क्लासला घातलंय. म्हणतो, कँटोनीज नुसती बोली, तिचा पुढे काय उपयोग? तेव्हापासून सासूबाई जेवताना गप्प असतात. मी तर बाहेरून आलेली सून. मध्ये पडू का?
– गोंधळलेली

उत्तर : पड की! फक्त सासूबाईंची वकील होऊन नको, मुलाची आई म्हणून पड.

'नुसती बोली' हे आधी मोडीत काढू. ज्याला फक्त मँडरिन येते अशा बीजिंगच्या माणसाला तुझ्या सासूबाईंचं बोलणं समजणार नाही. हाँगकाँगच्या कायदेमंडळातली भांडणं कँटोनीजमध्येच होतात. २०१० मध्ये दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहराच्या टीव्हीवर कँटोनीजऐवजी मँडरिन आणायची सूचना आली, तर लोक रस्त्यावर उतरले होते.

उपयोगाचं म्हणशील, तर नवऱ्याचं अगदीच चूक नाही. मँडरिन कामाला येते, शिकू दे मुलाला. पण सिंगापूरने हाच हिशेब १९७९ मध्ये केला. 'मँडरिन बोला' अशी सरकारी मोहीम निघाली, टीव्हीवरच्या कँटोनीज मालिकाही पुढे मँडरिनमध्ये डब होऊ लागल्या. नातवंडं मँडरिन-इंग्रजीत तयार झाली, आणि कित्येक घरांत आजीशी धड बोलता येईना. मँडरिनचा क्लास विसाव्या वर्षीही लावता येतो. आजीचं तसं नाही.

खरी गोम मला क्लासमध्ये दिसतच नाही. नवरा आईला इंग्रजीत उत्तर देतो, ते मुलगा रोज बघतो. आजीचं ऐकायचं असतं, तिच्या भाषेत बोलायचं नसतं, हे तो फी न भरता शिकतोय. नवऱ्यालाही एकदम धारेवर धरू नकोस. कँटोनीजमध्ये सहा सूर, सूर चुकला की अर्थ बदलतो. इकडे वाढलेल्या पोरांना 'जूक-सिंग', म्हणजे ना धड इकडचे ना तिकडचे, म्हणून चिडवायची रीतही जुनी. लहानपणी तो काही बोलला आणि सगळे हसले, असं झालंय का, ते एकदा एकांतात विचार. सासूबाईंसमोर मुळीच नको.

मग रविवार सकाळ मागून घे. रिचमंडमध्ये डिमसमला, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या छोट्या पदार्थांना, काय तोटा! तिथे टेबलावर इंग्रजी बंद, नवऱ्यालाही. हा-गाऊ आणि सिउ-माय (दोन्ही वाफवलेले, मोदकासारखे) मुलाने स्वतः मागवायचे. आधी आजीच्या कपात चहा ओतायचा, आणि कुणी आपल्या कपात ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानायचे. हे त्याला आजीच शिकवेल. (आजीला तो 'मा-मा' म्हणत असणार. तुझ्या भावाने हाक ऐकून ओ दिली नाही म्हणजे मिळवली!) सासूबाईंना एवढंच सांग, की पोराच्या किंवा त्याच्या बापाच्या चुकांवर हसू नका.

तुझं मराठी चालूच ठेव. मूल काही दिवस सरमिसळ करेल, करू दे. तूही सासूबाईंकडून चार वाक्यं शिक. तुझ्या चुकांवर मात्र त्यांना पोटभर हसू दे. गप्प बसण्यापेक्षा ते बरं.

आणि क्लासची फी भरली असेल, तर क्लास बुडवू नका.