स्लायडर हलवण्याआधी

या महिन्याच्या ग्वाल्हेरच्या टपालात मोबाइल फार आहे. अर्ध्या पत्रांत तो गुन्हेगार, उरलेल्यांत तारणहार. निवडक पाच पत्रं घेते. गणिताच्या या सदरात मी जुन्या मराठी पुस्तकांसारखं क्ष आणि य लिहिते. मुलांनी खुशाल एक्स-वाय वाचावं.

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीत आहे. मोबाइलवर समीकरण टाकलं की रेषा येते, म्हणून आपल्याला आलेख येतात असं ती ठामपणे सांगते. परीक्षेत आलेख कागद समोर आला की मात्र हात चालत नाही. मोबाइल काढून घेऊ का? (एक आई, दौलतगंज)

उत्तर : काढून घेऊ नका. तिच्या शेजारी बसा आणि तिला बोलतं करा. डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या अॅपमध्ये य = म·क्ष + क हे समीकरण टाकायला सांगा. म आणि क किती हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो लगेच विचारतो, स्लायडर (बोटाने सरकवून किंमत बदलायच्या पट्ट्या) हवेत का? हो म्हणायचं. मग तिचं बोट पडद्याकडे निघालं की थांबवा. ‘क वाढवला तर काय होईल?’ ती म्हणेल, रेषा वर सरकेल. बरोबर. ‘आणि म वाढवला तर?’ इथे बरीच मुलं पुन्हा ‘वर सरकेल’ असंच म्हणतात. आता हलवू द्या. रेषा सरकत नाही, उभी होत जाते, आणि तिच्यावरचा एक बिंदू जागचा हलत नाही. तो कुठला, आणि का हलत नाही, हे तुम्ही सांगायचं नाही. थोडा वेळ गेला तरी चालेल. जिथे रेषा य-अक्षाला छेदते तिथे क्ष शून्य आहे. म कितीही वाढवा, शून्याने गुणल्यावर शून्यच, उरतो तो क. हे तिच्या तोंडून आलं की चढ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. म उणे केला तर रेषा कुठे कलेल, शून्य केला तर काय होईल, हेही आधी विचारा, मग हलवा.

अंदाज चुकला तर उत्तमच. स्लायडरचा खरा उपयोग तेव्हाच होतो. नुसता मागेपुढे सरकवत बसलं तर ते झुंबर बघण्यासारखं आहे. छान दिसतं, हाती काही लागत नाही.

परीक्षेत अडतं ते मात्र दुसरीकडेच. २क्ष + ३य = १२ चा आलेख काढा म्हटलं की मुलं सवयीने क्ष = १ घेतात. मग ३य = १०, य = ३.३३…, आणि आता हा बिंदू आलेख कागदावर कुठे टेकवायचा? पेन्सिल तिथेच अडते. क्ष = ०, ३, ६ घेतलं तर य = ४, २, ० असे स्वच्छ मिळतात. ३य मधला ३ बघून क्ष कसा निवडायचा, एवढंच तिला दाखवा. रेषेला दोन बिंदू पुरतात, पण तिसरा घ्यायचाच. तो रेषेवर बसला नाही तर कुठेतरी हिशेब चुकलाय हे पेपर देण्याआधीच कळतं. दोन्ही अक्षांवरचं प्रमाण कागदाच्या कोपऱ्यात लिहायला लावा. कागदावरची रेषा पूर्ण झाली की तीच मोबाइलवर ताडून बघू द्या. क्रम हा. बाड्यावरच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात आलेख कागदांचं पॅड मिळतं, ते मात्र आधी आणा.

प्रश्न : मी आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतो. किल्ल्यावरच्या शून्याच्या शिलालेखाला मुलांना न्यायचं आहे. पण तिथे जाऊन फोटो काढण्यापलीकडे गणित काय करून घेता येईल? (एक शिक्षक, मुरार)

उत्तर : या प्रश्नाची मी वाटच बघत होते. आधी रस्त्याचं सांगते. गाडीने उरवाई दरवाज्याकडून वर गेलात तर शिलालेख ज्यात आहे ते चतुर्भुज मंदिर लागतच नाही. ते पूर्वेकडच्या पायी चढावर आहे, खडकात कोरलेलं, लहानसं. मुलांना पायीच न्या.

शिलालेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा. मजकूर अगदी व्यवहारातला आहे: देवासाठी फुलबाग, तिची जमीन २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा. २७० आणि ५० मधली शून्यं लहान गोल काढून लिहिली आहेत, आज आपण लिहितो तशीच. फक्त मुलांना ‘जगातलं पहिलं शून्य’ असं सांगू नका. कंबोडियातल्या शके ६०५ च्या, म्हणजे इ. स. ६८३ च्या शिलालेखात शून्याच्या जागी टिंब आहे, ते याहून जुनं. आपल्या ग्वाल्हेरचा अभिमान त्याने कमी होत नाही. इथलं शून्य स्वच्छ वाचता येतं आणि स्वतःच्या जागेवर बसून काम करताना दिसतं.

आता गणित. शिलालेखासमोर उभं राहून विचारा: या बागेला कुंपण किती हात लागेल? २७० आणि १८७ ची बेरीज ४५७, दुप्पट ९१४. क्षेत्रफळ ५०,४९० चौरस हात. पुढचा प्रश्न: कुंपण ९१४ हातच, पण लांबी-रुंदी बदलायची मुभा आहे. फुलं जास्तीत जास्त कधी होतील? एक बाजू क्ष धरली तर दुसरी ४५७ − क्ष, आणि क्षेत्रफळ क्ष(४५७ − क्ष). आलेख कसा दिसेल, ते प्रत्येकाने रफ वहीत हाताने काढायचं, मोबाइल खिशात. कुणी सरळ चढणारी रेषा काढेल, ‘लांबी वाढली की जमीन वाढणारच’ म्हणून. त्याला खोडू नका. त्यालाच कोष्टक करायला लावा. १०० ला ३५,७००. २०० ला ५१,४००. ३०० ला ४७,१००. ४०० ला २२,८००. तिसऱ्या ओळीवर त्याचं डोकं खाजवणं सुरू होतं.

खाली उतरलात की जिओजेब्रा या भूमितीच्या अॅपमध्ये आयत करा, एका बाजूला स्लायडर जोडा आणि (क्ष, क्षेत्रफळ) या बिंदूला ‘ट्रेस’ चालू करा. आयत लांबट होताना बिंदू मागे ठिपके सोडत जातो आणि अन्वस्त (पॅराबोला) डोळ्यांसमोर उमटतो. टोक क्ष = २२८.५ वर, म्हणजे बाग चौरस असताना, क्षेत्रफळ ५२,२१२.२५. दहावीच्या मुलांकडून यापुढचंही काढून घ्या. बाजू २२८.५ + ड आणि २२८.५ − ड अशा लिहिल्या तर गुणाकार २२८.५² − ड². ड शून्य नसेल तर काहीतरी वजा होणारच, म्हणून चौरस सर्वांत मोठा. स्लायडर हलवून जे दिसलं त्याची ही सिद्धता, एका ओळीची. आपल्या बागेत ड = ४१.५, वजाबाकी १,७२२.२५. बाग चौरस असती तर जेवढी जमीन मिळाली असती, त्यातली सव्वातीन टक्क्यांच्या आसपासच कमी पडली. टोकाजवळ अन्वस्त किती सपाट असतो ते इथे दिसतं, आणि पुस्तकातल्या छापील आकृतीत मुलांचं तिकडे कधीच लक्ष जात नाही.

१८७ आणि २७० या दोन्हींना क्षेत्रफळ तेच का येतं, हे शेवटी विचारा. आलेखाची सममिती त्यातून आपोआप निघते.

प्रश्न : घरी जुना लॅपटॉप आहे, नेट मधूनमधून जातं. पैसे भरून एखादं गणिताचं अॅप घ्यावं का? (एक बाबा, थाटीपूर)

उत्तर : नको. जिओजेब्रा २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात, साल्झबुर्ग विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रबंधाच्या निमित्ताने सुरू केलं. मुलांना शिकायला ते फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. भूमितीला तेच. नुसत्या आलेखांना डेस्मॉस हाताला सोपं, तेही फुकट. तेवढे पैसे कंपासपेटीत आणि बऱ्या पट्टीत घाला.

प्रश्न : बाई, नातू सातवीत आहे. त्याच्या मोबाइलमधलं मला काही कळत नाही. पण संध्याकाळी तो माझ्याजवळ बसतो. कागद-पेन्सिलीवर खेळता येईल असं काही सांगाल? (एक आजोबा, जनकगंज)

उत्तर : आजोबा, तुमच्याकडे माल भरपूर आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांपासून सुरुवात करा. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. १९४७ घेऊ. ९७४१ − १४७९ = ८२६२. मग ८६२२ − २२६८ = ६३५४. ६५४३ − ३४५६ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ चं करून बघा, पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत गाडी याच स्टेशनात येते. कापरेकरांनी हे १९४९ साली शोधलं, आणि ते करायला शाळामास्तरचा कागद पुरला.

नातू कुठे घसरेल ते सांगून ठेवते. त्याला २१११ द्या. २१११ − १११२ = ९९९. तो म्हणेल, तीन नऊ, सगळे सारखे, खेळ संपला. त्याला म्हणा, चार घरं आहेत, चौथ्यात काय? ०९९९ लिहिलं की ९९९० − ०९९९ = ८९९१ आणि गाडी पुन्हा सुरू. पुढच्या रविवारी त्याला किल्ल्यावरचं २७० दाखवायला न्या. चढ सोसत नसेल तर त्याच्या बाबांना धाडा.

दोन अंकी आकड्यांवरही हेच करा, पण काय होतं ते मी सांगणार नाही. तिथे गाडी थांबत नाही, एवढंच.

दुसरं खजुराहोचं. तिथल्या पार्श्वनाथ मंदिरात १६ घरांचा चौरस कोरलेला आहे. पहिली ओळ ७, १२, १, १४. दुसरी २, १३, ८, ११. तिसरी १६, ३, १०, ५. चौथी ९, ६, १५, ४. आडवी, उभी, तिरपी, कुठलीही बेरीज ३४. पाच-सहा घरं रिकामी ठेवून नातवाला भरायला द्या. भरून झालं की कुठलेही शेजारचे दोन-गुणिले-दोन घरांचे तुकडे बेरजेला लावा. तो किंचाळेल. आजींना आधी कल्पना देऊन ठेवा.

प्रश्न : बारावीत आहे. क्ष² = २ˣ याचे मोबाइलवर दोन आलेख काढले, दोन छेदनबिंदू दिसले, दोन उत्तरं लिहिली. कोचिंगमध्ये चूक दिली. पडदा खोटं कसं दाखवेल? (एक विद्यार्थी, शिंदे की छावणी)

उत्तर : खोटं नाही दाखवलं, थोडं दाखवलं. य-अक्ष १० पर्यंतच दिसत असेल तर तुला एक छेद डावीकडे आणि एक (२, ४) वर दिसणार. तिसरा (४, १६) वर आहे, तुझ्या पडद्याच्या छपराबाहेर. बाहेर झूम केलंस तर दिसेल, पण झूम किती करायचं हे पडदा सांगत नाही. ते तुला डोक्याने ठरवायचंय. पाहा: क्ष = २ आणि ४ च्या मध्ये, ३ वर, क्ष² ९ आहे आणि २ˣ ८. ५ वर क्ष² २५ आणि २ˣ ३२. म्हणजे मधे कुठेतरी घातांकी वक्राने वर्गाला मागे टाकलंच. हे दोन आकडे तोंडी करता आले असते तर तिसरा छेद शोधायला तू स्वतःच बाहेर गेला असतास.

असाच दुसरा सापळा: (क्ष² − १)/(क्ष − १) चा आलेख काढ. पडद्यावर सलग सरळ रेषा दिसते, पण क्ष = १ ला तिच्यात भोक आहे, कारण तिथे भाजक (क्ष − १) शून्य होतो. एका बिंदूएवढं भोक पडद्याला कुठून दिसणार?

तुझ्या प्रश्नात २ आणि ४ हाताने ठेवून पक्के कर: २² = २², ४² = २⁴. डावीकडचं साधारण −०.७७ असं नेमकं मिळणार नाही, तिथे आलेखावरून आलेली किंमत ‘सुमारे’ म्हणूनच लिही. आणि उणे बाजूला तो एकच छेद का, याचं कारणही उत्तरात दे: उणे बाजूला क्ष वाढताना क्ष² उतरत जातो, २ˣ चढत जातो, एकदाच भेटतील.