डाएट दोघींचं, अबोला कशाचा?

"मॅडम, आम्ही दोघींनी सोबतच डाएट सुरू केलं होतं. आता ती माझ्याशी बोलत नाही आणि मलाही तिचं तोंड पाहवत नाही. वजन राहिलं बाजूला, मैत्रीणच गेली. माझंच मन कोतं आहे का?"

अशा अर्थाची तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बायका गेल्या काही वर्षांत बऱ्याच वाढल्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या तर येतातच, पण आता अगदी आडगावातून, एसटीने दीड तास घालवूनही येतात. मोबाइलवर आहाराचे व्हिडिओ गावोगाव पोचले. दोन वेळा जेवायचं आणि ५५ मिनिटांत ताट संपवायचं, ही पद्धत आमच्याकडे नवी नाही. आपल्याच विदर्भातल्या काटोलकडच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी ती मांडली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती घराघरांत पोचवली. गावात असं काही सुरू झालं की ते एकट्याने होत नाही. जावा-जावा करतात, शेजारणी करतात, बचत गटातल्या चौघी मिळून करतात. सोबत असली की धीर येतो हे खरंच आहे. पण त्याच सोबतीत कधी कधी एक वेगळंच दुखणं सुरू होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

वनिता आणि रेखा (दोन्ही नावं बदललेली आहेत, गावाच्या खुणाही) यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावच्या. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या. वाड्याला वाडा लागून. एकीच्या बाळंतपणात दुसरीने भाकरी थापल्या. वनिताला चाळिशीत साखर, म्हणजे मधुमेह, निघाला, वजन ७४ किलो, डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं. रेखाला आजार काही नव्हता, पण तिचा नवरा चारचौघांत तिला "ढोल" म्हणायचा. दसऱ्याला दोघींनी ठरवलं की सकाळचा नाश्ता बंद, दोनच वेळा जेवायचं.

दिवाळीच्या आगेमागे शेतात सीतादही (वेचणीआधीची पूजा) झालं आणि कापूस वेचणी सुरू झाली. वनिता सकाळी उठून साखरेची गोळी घ्यायची, बिनसाखरेचा चहा प्यायची आणि कमरेला फडकं बांधून रेखाबरोबर वेचायला जायची. एके दिवशी अकराच्या सुमारास ऐन पऱ्हाटीत तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली. एका म्हाताऱ्या मजूर बाईने पदराच्या गाठीतला गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला, तेव्हा कुठे तिला हुशारी आली. आणि रेखा सगळ्या बायकांसमोर हसत म्हणाली, "झाला का वं उपास तुह्या? हिच्यानं भूक सहनच होत नाही."

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

वनिता माझ्याकडे आली ती साखरेसाठी आली नव्हतीच. ती खाली मान घालून बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, तिचं सहा किलो उतरलं. मले वाटते तिचं पुन्हा वाढावं. रात्री झोपताना हेच येते मनात. असं वाटणारी बाई चांगली असते का?"

आधी मी तिला गोळ्यांचं पाकीट दाखवायला सांगितलं. त्यात ग्लिमेपिराइड होतं. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून ती जेवणाशी बांधलेली असते. गोळी घेतली, पोटात काही गेलं नाही आणि वर उन्हात तीन तास कष्ट केले, तर रक्तातली साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, अंधारी ही त्याचीच लक्षणं. अशा वेळी तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यायची किंवा तेवढा गूळ, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं आणि बरं वाटलं की नीट जेवायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. आहाराच्या पद्धतीत इथे खोट काढायचं कारण नाही. खाण्याच्या वेळा बदलल्या आणि गोळी मात्र जुन्याच वेळेला राहिली, डॉक्टरांना कोणी विचारलं नाही, एवढंच झालं होतं.

हे ऐकून वनिता रडली. महिनाभर ती स्वतःला खादाड समजत होती. रेखाचा एकच शब्द तिने खरा धरला होता, आणि तो खरा नव्हताच.

डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्यात गोळी आणि जेवणाची सांगड घालून दिली, सकाळची अर्धी भाकर परत सुरू झाली. पण मनातलं कडू तसंच होतं. "तुम्ही तिले बोलावून समजावा," असं वनिता म्हणत होती. मी नाही म्हटलं. तिसऱ्या माणसाने बोलावून घेतलं की गावात त्याची पंचायत होते. त्यापेक्षा मी तिला विचारलं, "तुमच्या गटाच्या बैठकीला मी येते, एक गोष्ट सांगते. तुमचं नाव निघणार नाही. चालेल?" थोडा विचार करून ती हो म्हणाली.

गोष्ट सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाची, १९३३ सालची, 'द थ्री फॅट विमेन ऑफ अँतीब'. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं अँतीब, समुद्र, मोठं घर. बिअ‍ॅट्रिस, अ‍ॅरो आणि फ्रँक या तीन जाड, वयाने पोक्त मैत्रिणी वजन उतरवायला एकत्र राहतात. पथ्य कडक. फावल्या वेळात ब्रिज नावाचा पत्त्यांचा डाव. डावाला चौथा हात हवा म्हणून फ्रँक आपल्या नात्यातल्या लीनाला पंधरा दिवसांसाठी बोलावते. लीनाचा नवरा नुकताच वारलेला आहे. ती सडपातळ आहे, आणि या तिघींसमोर बसून पाव, लोणी, मलई, बटाटे असं सगळं मनापासून खाते. वर पत्त्यांतही जिंकते. तिघींचा संताप तिच्यावर निघत नाही, एकमेकींवर निघतो. जिवलग मैत्रिणी वसावसा भांडतात. शेवटी लीना गेल्यावर फ्रँकला बिअ‍ॅट्रिस लोणी-मुरंबा लावलेले पाव खाताना सापडते. फ्रँकही बसते, मग अ‍ॅरोही येते. तिघी पोटभर खातात आणि खाता खाता ठरवतात की लीना पत्ते अगदीच वाईट खेळायची.

समाजमंदिरात सतरंजीवर वीसेक बाया होत्या. त्यांत वनिताही होती, रेखाही, पण दोन टोकांना. मी गोष्ट मराठीत, थोडी आपल्या वळणाने सांगितली. शेवटाला हशा झाला. तरण्या सुना जास्त हसल्या. मग बोलणं सुरू झालं, आणि मला जे ऐकायला मिळालं ते मी पुस्तकात वाचलं नव्हतं.

एक काकू म्हणाल्या, "पाहुणी हाय ते. तिनं मांगलं तं देल्लंच पाहिजे. आपण पथ्यावर, म्हणून पाहुणीले उपाशी ठेवाचं का?" लगेच दुसरी, "तिले दिसत नव्हतं का? झाकून खावं ना माणसानं." तिसरीला वेगळंच सुचलं, "त्याहीच्या घरी रांधाले कोणीतरी असन. मले तं पोरांसाठी पोळ्या करा लागते आन् वास घेत बसा लागते. मह्यावालं पथ्य कोण सांभाळीन?" यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पथ्य पाळणाऱ्या बाईनेच घरातल्या आठ जणांचं रांधायचं असतं, ही अडचण आहार सांगणारे फार क्वचित लक्षात घेतात. मी ती तेव्हापासून प्रत्येकीला विचारते.

मग आजवर बैठकीत कधी तोंड न उघडणारी एक बाई बोलली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. ती म्हणाली, "तिचा मालक गेल्ता ना? बऱ्याच दिवसानं तिले दोन घास गोड लागले असतीन. त्या तिघींनी थे पाह्यलंच नाही. ताटच पाह्यलं."

आतापर्यंत लीना सगळ्यांना 'जळवणारी' वाटत होती. या एका वाक्याने ती दुःखातून उठू पाहणारी बाई झाली. मला अजूनही वाटतं की त्या गोष्टीवर याहून नेमकं कोणी बोलू शकणार नाही.

रेखा मात्र फणकाऱ्याने म्हणाली, "त्याहिनं सांगाचं ना मंग तिले तोंडावर, का आम्हाले त्रास होते म्हणून! मनात काहून ठेवलं?"

आणि दुसऱ्या टोकाहून वनिता, तिच्याकडे न पाहता, "सांगतलं असतं तं ती म्हणली असती, तुमच्यानं भूकच सहन होत नाही."

रेखाने मान वळवली. बाकीच्यांना काही कळलं नाही. मी लगेच दुसरा विषय काढला.

चार दिवसांनी रेखा एकटीच आली. पुष्कळ वेळ नवऱ्याबद्दल बोलली. वजन उतरल्यावर तो पहिल्यांदा काही टाकून बोलला नाही, सासूने जाऊबाईंसमोर कौतुक केलं. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर. "मले रोज भेव वाटते मॅडम, का वाढलं तं पुन्हा तेच सुरू होईन. वनीनं काही खाल्लं का माह्याही तोंडाले पाणी सुटे. मंग मी तिलेच बोलो. तिले बोललं का माह्यी भूक दबे."

हे मला इतर ठिकाणीही पुन्हा पुन्हा दिसतं, म्हणून थोडं थांबून सांगते. मैत्रिणीच्या ताटावर पहारा देणारी बाई बहुतेक वेळा स्वतःच्या भुकेला भ्यालेली असते. आणि जिचं वजन उतरत नाही तिच्या मनात येणारा हेवा हा उपाशी पोटी आणि अपमानानंतर येणारा विचार असतो. त्यावरून स्वभावाची परीक्षा करू नये. वनिताला मी हेच सांगितलं की रात्री मनात काय येतं याचा हिशेब ठेवू नकोस, सकाळी तू तिच्याशी काय वागतेस ते तुझं. दोघींची शरीरं वेगळी, एकीला साखर, गोळ्या वेगळ्या, मग काट्यावरचा आकडा सारखा कसा येईल? वनिताच्या वजनाला साडेतीन-चार किलो उतरले तरी साखरेला चांगला फरक पडतो. रेखाचे सहा किलो हे तिचं माप नाहीच.

त्यांच्यात प्रत्यक्ष काय बोलणं झालं ते मला पूर्ण माहीत नाही. रेखा संध्याकाळी गोवऱ्या मागायच्या निमित्ताने गेली आणि दिवेलागणीपर्यंत बसली, एवढं वनिताने सांगितलं. मी दोघींकडून तीन गोष्टी कबूल करून घेतल्या. फिरायला जायचं ते सोबतच, पांदणीने, संध्याकाळी. वजन मात्र प्रत्येकीने वेगवेगळ्या दिवशी उपकेंद्रात आशाताईंसमोर करायचं आणि आकडा एकमेकींना सांगायचा नाही. आणि दुसरीच्या ताटाबद्दल चांगलंही बोलायचं नाही, वाईटही नाही. "आज कमी घेतलंस, छान" हेही नको, कारण उद्या जास्त घेतलं की तेच वाक्य उलटं टोचतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड गेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळाच्या वड्या पुढे आल्या तेव्हा रेखाच्या ओठांवर शब्द आला होता, असं तिनेच हसत सांगितलं. तिने गिळला. वनिताने अर्धी वडी घेतली, दुसरी अर्धी पदरात बांधली.

"पण माझी मैत्रीण ऐकतच नाही, मी काय करू?" हेही मला विचारलं जातं. तिला एकांतात, पोट भरलेलं असताना, एवढंच सांगून पाहा: "तू माझ्या खाण्यावर बोललीस की मी घरी जाऊन जास्त खाते. मला तू हवी आहेस, हे बोलणं नको." बहुतेक जणी थांबतात. एखादी थांबत नाही. तिच्याबरोबरची पंगत टाळा, पण तिला टाळू नका. नळावर भेटा, बाजाराला सोबत जा, निंदणाला एकाच ओळीत लागा. आणि साखरेची गोळी चालू असेल तर कुणाच्याही सोबतीने जेवणाची वेळ बदलण्याआधी गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. मैत्रिणीलाही सोबत न्या. वनिताला त्या दिवशी धुऱ्यावर काय झालं होतं, हे रेखाला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू आलं असतं तर तो अबोला झालाच नसता.