क्विझीन म्हणजे स्वयंपाकघर नव्हे

तुम्ही विचारलंय की क्विझीन या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय आणि डिश किंवा रेसिपी न म्हणता तो कधी वापरायचा. एका शब्दात सांगायचं तर पाकशैली. इथेच थांबता आलं असतं, पण या शब्दापायी मी एकदा नको तेवढं ऐकून घेतलंय, त्यामुळे थोडं सहन करा.

तेव्हा मी भाषांतराची कामं करायचो. हॉटेल व्यवसायात नव्याने येणाऱ्या मुलांसाठीची एक पुस्तिका आली होती. चाळीसेक पानं आणि पानोपानी क्विझीन. मी सगळीकडे पाकशैली लिहिलं आणि मजकूर तपासायला दिला. आमच्या साहेबांनी कधीकाळी फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. पाच दिल्या असत्या तर मी वाचलो असतो, दोनच दिलेला माणूस फार धोकादायक. त्यांनी लाल पेनाने पहिलंच पाकशैली खोडलं. ‘अहो, हा फ्रेंच शब्द आहे. याचा अर्थ किचन. शब्दाचं मूळ बघत जा जरा.’ मी म्हटलं, सर, मजकूर इंग्रजी आहे आणि इंग्रजांकडे खोलीसाठी किचन आहेच की. त्यावर उत्तर आलं, ‘मूळ अर्थ तोच खरा अर्थ.’ झालं. कॉम्प्युटरवर एका फटक्यात सगळ्या पाकशैल्यांची स्वयंपाकघरं झाली.

पुस्तिका छापून आली. ‘जपानी स्वयंपाकघरात माशाला मानाचे स्थान आहे’ हे खपून गेलं. ‘फ्रेंच स्वयंपाकघर जगभर पसरले आहे’ हेही कोणी मनावर घेतलं नसतं. पण पुढे फ्यूजन क्विझीनचा परिच्छेद होता. तिथे ‘दोन स्वयंपाकघरे एकमेकांत मिसळताना चवीचा तोल सांभाळावा’ असं वाक्य पडलं होतं. कोणीतरी ते भर बैठकीत मोठ्याने वाचलं आणि हशा पिकला. भाषांतरकार म्हणून नाव माझं. साहेबही हसले. सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

असो. डिश म्हणजे पुढ्यात येणारा एक पदार्थ. रेसिपी म्हणजे तो करायची कृती. क्विझीन म्हणजे असल्या शेकडो पदार्थांमागची समान सवय: जिन्नस कोणते, फोडणी की वाफ, आंबटपणा कशाने आणायचा, कशाबरोबर काय वाढायचं. म्हणून ‘पास्ता इज माय फेव्हरिट क्विझीन’ हे चूक. पास्ता ही डिश, इटालियन हे क्विझीन. एका पदार्थाला क्विझीन म्हणणं म्हणजे एका ओवीला वाङ्मय म्हणणं. पाककला पुन्हा वेगळी, ती एखाद्या माणसाच्या हातात असते. वाक्यात क्विझीनच्या आधी बहुतेक वेळा विशेषण येतं: थाई, मेक्सिकन, व्हेजिटेरियन. एखाद्या हॉटेलात मिळणाऱ्या एकंदर जेवणालाही क्विझीन म्हणतात, पण ते जाहिरातीत जास्त. घरी रोज काय शिजतं त्याला क्विझीन म्हणू नका, लोक तोंडावर हसणार नाहीत एवढंच.

साहेबांना हे सांगायचं तेव्हा मला सुचलं नाही म्हणून इथे सांगतो. 1973 साली गो आणि मियो या दोन फ्रेंच समीक्षकांनी ‘नुव्हेल क्विझीन’चा, म्हणजे नव्या पाकशैलीचा, जाहीरनामा काढला. मैदा घालून दाट केलेले जड सॉस नकोत, भाज्या-मासे शिजवून शिजवून मारू नका, ताजा माल घ्या, असा त्यांचा सूर होता. देश तोच, आचारी तेच, चुलीही त्याच. नवं काय होतं मग? स्वयंपाकघर?

आणि मूळच बघायचं असेल तर पूर्ण बघावं. क्विझीन आणि किचन हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच शब्दातून आलेत आणि त्याच्या मागे आहे ‘कोक्वेरे’, म्हणजे शिजवणे. भाषाशास्त्रज्ञ या कोक्वेरेचं आणि संस्कृतातल्या ‘पच्’ धातूचं मूळ एकच मानतात. पच् वरून पाक, पक्व, पचन. म्हणजे साहेबांच्याच नियमाने पाकशैलीतला पाक हा क्विझीनचा सख्खा नातेवाईक ठरतो! हे मला त्या बैठकीनंतर काही वर्षांनी कळलं. तोवर साहेब निवृत्त झाले होते. (मूळ अर्थ तोच खरा अर्थ हे मला अजूनही मान्य नाही, पण नाव माझं छापलं गेलं होतं, तेव्हा एवढी मुभा मी घेतो.)

दोन गोष्टी मात्र कबूल करायला हव्यात. फ्रेंचमध्ये हा शब्द स्वयंपाकघर आणि स्वयंपाक या दोन्हींसाठी आजही चालतो, त्यामुळे समोरचा मजकूर फ्रेंच असेल तर माझं ऐकू नका. दुसरं म्हणजे पाकशैलीही कधीकधी तोकडी पडते. 2010 मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक क्विझीनची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. त्यात मका, घेवडा आणि मिरचीची शेती आली, मका चुन्याच्या पाण्यात शिजवायची रीत आली, दगडी पाटे आले, सणासुदीचे विधीही आले. अशा ठिकाणी मी खाद्यसंस्कृती लिहितो.

उच्चार क्विझीन, जोर ‘झीन’वर. झ ‘झरा’तला, ‘झिम्मा’तला नाही. क्युझीनही सर्रास चालतं, त्यावरून भांडू नका. मराठीत लिंग कोणतं म्हणाल तर मी ‘ते क्विझीन’ म्हणतो. साहेब ‘ती’ म्हणायचे, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे म्हणून.